कथेतला एक परिच्छेद आणि हजार रागीट अंगठे: लेखिकेवर ऑनलाइन झुंड तुटून पडते तेव्हा नेमकं काय घडतं?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. भिवंडीहून अंबाडीला घरी येत होतो. वाडा रोडवर नेहमीसारखा ट्रॅफिक जाम. गाडी हलत नव्हती म्हणून फोन काढला. जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला होता. कुठल्यातरी दिवाळी अंकातल्या कथेचा एक परिच्छेद. त्यात एक बाई म्हणते की मूल होऊ देणं ही माझी चूक झाली. खाली मेसेज: ‘हिला आईपण म्हणजे काय ते कळतं का? फॉरवर्ड करा.’

दहा मिनिटांत कोणीतरी लेखिकेचा फोटो टाकला. आणखी पाच मिनिटांनी ती शिकवते त्या शाळेचं नाव आलं. ‘मुख्याध्यापकांना फोन लावा रे.’ या शेवटच्या मेसेजवर मी अंगठा दिला. का दिला? कंटाळलो होतो, आणि बाकी सगळे देत होते.

घरी आल्यावर आत्याला स्क्रीनशॉट दाखवला. ती मराठीची निवृत्त शिक्षिका. तिने एवढंच विचारलं, ‘कथा वाचलीस का?’

‘नाही, पण परिच्छेद वाचला ना.’

‘अंक माझ्याकडे आहे. आधी वाच.’

वाचायला चाळीस मिनिटं लागली. तो परिच्छेद त्या बाईने रात्री लिहिलेल्या पत्रातला होता. घरात मदतीला कोणी नाही, तीन रात्री झोप नाही, अशा अवस्थेत तिने ते पत्र लिहिलं आणि सकाळी फाडून टाकलं. खरं सांगायचं तर कथा मला फार आवडली नाही, शेवट ओढूनताणून आणलेला वाटला. पण ही तक्रार वेगळी आणि ट्रॅफिकमध्ये बसून माझ्या मनात आली ती वेगळी. तोपर्यंत लेखिकेने आपलं अकाउंट लॉक केलं होतं. मी अंगठा काढून घेतला, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

‘विभावरी शिरूरकरांचं असंच झालं होतं,’ आत्या म्हणाली. ‘फक्त तेव्हा फोन नव्हते.’

१९३३: ‘ही बाई आहे तरी कोण?’

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. प्रकाशक ह. वि. मोटे. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर, आणि या नावाची बाई कोणाच्याच ओळखीची नव्हती. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं, ते या कथांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. तिच्यात नवऱ्यापासून वेगळी झालेली स्त्री, तिचं लग्नाबाहेरचं नातं आणि तिची आई होण्याची इच्छा हा विषय होता. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली.

आजच्या भाषेत सांगायचं तर विभावरी शिरूरकर हे एक अनामिक अकाउंट होतं. त्यामागे होत्या बाळूताई खरे. जन्म १९०५ चा, शिक्षण महर्षी कर्व्यांच्या संस्थेत, काम शिक्षणक्षेत्रात, आणि तेव्हा त्या अविवाहित होत्या. पुढे १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. २००१ साली त्यांचं निधन झालं.

टोपणनाव नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. अविवाहित शिक्षिकेने स्त्रीच्या शरीराच्या आणि मनाच्या इच्छांबद्दल लिहिलंय म्हटल्यावर चर्चा पुस्तकाची झाली नसती, तिच्या चारित्र्याची झाली असती. नोकरीवरही गदा आली असती. टोपणनावामुळे रागावलेल्या लोकांना पुस्तक मिळालं, पण घराचा पत्ता मिळाला नाही. त्यामुळे लेखिकेला पुढे लिहिता आलं.

आमच्या ग्रुपला मात्र पंधरा मिनिटांत शाळा सापडली. एखाद्याची खाजगी माहिती शोधून ती जमावासमोर टाकण्याला डॉक्सिंग म्हणतात. त्यासाठी हॅकर लागत नाही. जुनी फेसबुक पोस्ट, शाळेच्या गॅदरिंगचा टॅग केलेला फोटो आणि रिकामा वेळ एवढं पुरतं.

पान फाडून दाखवण्याची जुनी युक्ती

दिवाळी अंकावरून वाद हेही नवीन नाही. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने काकोडकरांना दोषी ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९ मध्ये ते सुटले. त्या निकालात आपल्या कामाचा मुद्दा आहे: आक्षेप घेतलेला मजकूर तपासायचाच, पण संपूर्ण कलाकृती समोर ठेवून.

तमिळ कादंबरीकार पेरुमाल मुरुगन यांच्या ‘मादोरुबागन’मध्ये मूल न होणारं जोडपं आणि गावच्या देवळाची एक जुनी प्रथा हा विषय आहे. कादंबरी २०१० ची. तिच्यावर वादळ उठलं ते २०१४ च्या डिसेंबरात, इंग्रजी अनुवाद आल्यानंतर. निवडक पानांच्या झेरॉक्स काढून गावात वाटल्या गेल्या. जानेवारी २०१५ मध्ये प्रशासनाने बोलावलेल्या बैठकीत मुरुगन यांना माफी मागावी लागली. त्यानंतर ‘लेखक पेरुमाल मुरुगन मेला’ अशा अर्थाची पोस्ट त्यांनी स्वतःच फेसबुकवर टाकली. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांनी पुन्हा लिहावं असं म्हटलं. पण मधलं दीड वर्ष गेलं ते गेलंच.

झेरॉक्स आणि स्क्रीनशॉट एकच काम करतात. वाक्य कथेतलं कोणतं पात्र म्हणतंय, आधी काय घडलं, नंतर काय होतं, हे सगळं कापलं जातं. फरक वेगाचा आणि खर्चाचा. झेरॉक्सला पैसे लागतात, वाटायला माणसं लागतात. स्क्रीनशॉटला दोन बटणं.

ॲपला राग का आवडतो?

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. तुमच्या फीडमध्ये आधी काय दिसेल हे रँकिंगचा प्रोग्रॅम ठरवतो. हे पाहून तुम्ही लाइक कराल, उत्तर द्याल, शेअर कराल याची शक्यता किती, याचा तो अंदाज बांधतो. मग प्रत्येक शक्यतेला ठरावीक वजनाने गुणून बेरीज करतो. बेरीज मोठी तर पोस्ट वर.

ट्विटरने, म्हणजे आताच्या एक्सने, मार्च २०२३ च्या शेवटी या यंत्रणेचा काही भाग गिटहबवर खुला केला. त्यासोबत जाहीर झालेली वजनं अशी होती: लाइकला ०.५, रीट्वीटला १ आणि उत्तराला १३.५. तुमच्या उत्तरावर मूळ लेखकाने प्रतिसाद दिला तर ७५. ही तेव्हाची वजनं आहेत, कंपन्या ती बदलत राहतात. पण गणित समजायला ती पुरेशी आहेत. एक उत्तर म्हणजे २७ लाइक. आणि हे वजन ‘छान लिहिलंय’ला वेगळं आणि ‘लाज वाटत नाही का’ला वेगळं असं नव्हतं. दोन्ही उत्तरंच.

आता लेखिकेच्या जागी बसा. तिने गप्प राहिलं तर ‘घाबरली’ म्हणतात. तिने खुलासा केला की तिच्या त्या प्रतिसादाला सगळ्यात मोठं वजन, म्हणजे भांडण आणखी लोकांपर्यंत पोचणार.

फेसबुकनेही २०१७ मध्ये रागाच्या इमोजीसह सगळ्या रिॲक्शनना लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. पुढे ते कमी करत रागाच्या इमोजीचं वजन २०२० मध्ये शून्यावर आणलं. कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून २०२१ मध्ये हे बाहेर आलं.

व्हॉट्सॲपवर रँकिंग नाही, तिथे माणसंच यंत्राचं काम करतात. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. २०२० पासून खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण तोच स्क्रीनशॉट गॅलरीत सेव्ह करून नव्याने पाठवला की तो ‘फॉरवर्ड’ राहतच नाही.

आणखी एक साधं गणित. समजा तीन हजार लोकांनी एकेक कमेंट टाकली. प्रत्येकाचे फार तर दहा सेकंद गेले. पण ज्या बाईला त्या कमेंट वाचायच्यात, तिला एकेकीला दहा सेकंद धरले तरी आठ तासांहून जास्त वेळ लागतो. लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, मी एकच तर वाक्य लिहिलं. आणि ते खरंही असतं.

मग काय, टीकाच करायची नाही?

करायची. लेखकाला लिहिण्याचं स्वातंत्र्य आहे तसंच वाचकाला ‘हे चूक आहे’ म्हणण्याचंही आहे. कडक परीक्षण लिहा, पुस्तक विकत घेऊ नका, निषेधाचं पत्र पाठवा. ‘आमच्यावर टीका म्हणजे अभिव्यक्तीवर घाला’ असं प्रत्येक लेखक म्हणायला लागला तर तेही खोटंच.

हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग यांचं प्रकरण म्हणूनच अवघड आहे. जून २०२० मध्ये त्यांनी लिंग आणि लिंगओळख यांबद्दल ट्वीट केले, मग मोठा लेख लिहिला. अनेक ट्रान्स व्यक्तींना ते आपलं अस्तित्व नाकारणारं वाटलं. चित्रपटात हॅरी झालेल्या डॅनियल रॅडक्लिफनेही जाहीर असहमती नोंदवली. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नाल्सा निकालात मान्य केला आहे. त्यामुळे ‘उगाच चिडतात’ असं म्हणून हा आक्षेप उडवून लावता येत नाही. माझं मत विचाराल तर मला त्यांचे मुद्दे पटलेले नाहीत.

पण नोव्हेंबर २०२१ मध्ये रोलिंग यांनी सांगितलं की काही जणांनी त्यांच्या घरासमोर फोटो काढून, पत्ता दिसेल असा, ऑनलाइन टाकला. आपल्याला धमक्या येत असल्याचंही त्या सांगत आल्या आहेत. पत्ता टाकल्याने एकाही ट्रान्स मुलाचं आयुष्य सोपं झालं नाही. उलट त्या दिवसापासून मूळ मुद्द्याऐवजी पत्त्याची बातमी झाली. आणि झुंडीला विचारसरणी नसते. हीच हत्यारं ट्रान्स व्यक्तींवर रोज चालवली जातात, आणि त्यांच्याकडे वकिलांची फौज नसते.

टीका आणि झुंड ओळखण्याची माझी कसोटी सोपी आहे. वाक्य कशाबद्दल आहे? ‘या कथेत आईपण एकांगी रंगवलंय’ ही टीका. ‘हिच्या शाळेत फोन लावा’ ही झुंड. पुस्तकावरून बोट सरकून माणसाच्या नोकरीवर, घरावर, शरीरावर गेलं की विषय बदलला.

कायद्याचं काय?

ट्रोलिंगविरुद्ध एक कडक कायदा आणा, असं वाटणं साहजिक आहे. पण तसा कायदा होता, आणि त्याचं काय झालं हे आपल्या भागाला चांगलं माहीत आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर पोस्ट टाकली, मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. पालघरमध्ये, जे तेव्हा अंबाडीसारखंच ठाणे जिल्ह्यात होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं गेलं. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. ‘त्रासदायक’ म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवायचं असेल, तर कायदाच झुंडीच्या हातात जातो.

आज धमकी देणं आणि बाईचा ऑनलाइन पाठलाग करणं हे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेतच. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. तक्रारीआधी स्क्रीनशॉट, लिंक आणि वेळ जपून ठेवा, कारण पोस्ट उडवल्या जातात.

फोन हातात असताना

वादग्रस्त परिच्छेद आला की मी आता तीन गोष्टी बघतो. पुस्तकाचं नाव दिलंय का? हे वाक्य लेखक म्हणतोय की पात्र? आणि पाठवणाऱ्याने ते वाचलंय का? कोणाचा पत्ता किंवा नोकरीची जागा दिसली तर उत्तर न देता थेट रिपोर्ट करतो, कारण शिवी घालणाऱ्याला दिलेलं उत्तरही त्याची पोस्ट वर ढकलतं. मात्र केवळ मत पटलं नाही म्हणून रिपोर्ट करायचं नाही. लेखकांची अकाउंट बंद पाडायला झुंडी तेच बटण वापरतात.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं की कथा पूर्ण वाचली, स्क्रीनशॉट अर्धवट आहे, शाळेचं नाव डिलीट करा. एक जण म्हणाला, ‘तू कधीपासून साहित्यिक झालास?’ नाव टाकणाऱ्याने मेसेज डिलीट केला, पण तोपर्यंत तो किती ठिकाणी गेला होता कोण जाणे. दोघांनी अंक मागितला. एक अजून माझ्याशी वाद घालतो, त्याच्या मते कथा वाईटच आहे. शेवटाबद्दल त्याचं म्हणणं मला पटतं. लेखिकेचं अकाउंट मात्र हे लिहीपर्यंत लॉकच आहे.