गेरू आणि हिरवी माती

रंगचक्रात परस्परांसमोर येणाऱ्या तांबडा-हिरवा किंवा निळा-नारिंगी अशा जोड्यांना पूरक रंग म्हणतात. ते शेजारी ठेवले असता एकमेकांना उठाव देतात आणि मिसळले असता मळकट, करडे होतात. पॅरिसच्या गोबेलॅं कारखान्यातील रसायनतज्ज्ञ शेव्हरल यांनी १८३९च्या ग्रंथात या परिणामाची शास्त्रीय मांडणी केली. काळा धागा फिका दिसतो ही तक्रार तपासताना, दोष रंगात नसून शेजारच्या रंगछटेमुळे डोळ्यांना होणाऱ्या भासात आहे, हे त्यांच्या ध्यानी आले होते.

हाच परिणाम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही पाहायला मिळतो, आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन तेथून फार दूर नाही. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रकारांजवळ गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि बदख्शानहून येणारा मौल्यवान निळा राजावर्त एवढीच सामग्री होती. तरीही पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीची तांबूस-पिवळसर काया गडद हिरवट पर्णराजीपुढे उजळून दिसते, कारण तेथे हिरवा दबलेला आहे आणि उष्ण छटेलाच पुढे येऊ दिले आहे. दोन्ही रंग सारख्याच तीव्रतेने व सारख्याच क्षेत्रावर लावले असते, तर नजर कोठेच स्थिरावली नसती.

चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांसाठी रंगचक्र पाठ करणाऱ्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना प्रमाणाचा हा विचार त्या भिंतीसमोर उभे करूनच शिकवला जावा, असा या अंकाचा आग्रह आहे.