मुक्त म्हणजे फुकट नव्हे

संगणकाच्या व्यवहारातील ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ आमच्या सुशिक्षितांनी ‘फुकट’ असा करून टाकला आहे. आणि फुकटच्या वस्तूस किंमत नसते या न्यायाने ती सारी चळवळच अडगळीत लोटली आहे. हा केवळ शब्दाचा घोटाळा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु त्यापायी आमची लिपी गहाण पडत आहे.

सुरतेतील डिंडोलीचेच पाहा. खानदेशातून आलेल्या कित्येक कुटुंबांनी तेथे यंत्रमागांच्या आधारे संसार उभे केले आणि घरात अहिराणी व मराठी राखली. तेथील एका स्नेह्याने जुन्या स्मरणिकेचा मजकूर आम्हांस संगणकावरून धाडला. उघडून पाहतो तो देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता केरकचरा! जुन्या व्यापारी फाँटांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठविलाच जात नसे. एखाद्या रोमन अक्षराच्या क्रमांकावर त्याचे चित्र तेवढे चिकटविलेले असे. फाँट हरवला की मजकूरही हरवला.

वास्तविक १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्वतंत्र स्थान मिळाले, आणि त्याची मांडणी भारतातच सिद्ध झालेल्या इस्की संकेतावर बेतलेली आहे. तरीही कित्येक छापखाने व प्रकाशने जुन्याच कुलपात मजकूर ठेवितात. ‘छपाईस हेच सोयीचे’ हा त्यांचा बचाव. छपाईपुरती ती सोय खुशाल असो. पण मूळ प्रत युनिकोडमध्ये ठेवण्यास हरकत कोणती? डिंडोलीतील मुलाने उद्या आपल्या आजोबांच्या गावाचे नाव महाजालावर शोधले, तर ते त्याला सापडावे कसे?

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला तो स्वस्ताईसाठी नव्हे. आज्ञावली वापरावी, तपासावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, एवढे स्वातंत्र्य त्यांनी मागितले. ज्या मागाचे झाकण उघडण्याचीच मनाई आहे, तो बिघडल्यावर कामगाराने हात जोडून बसावयाचे काय?

याच वाटेने मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने देवनागरीसाठी ‘मुक्ता’ आणि गुजरातीसाठी ‘मुक्ता वाणी’ हे फाँट खुल्या परवान्याखाली दिले. मराठी घर आणि गुजराती बाजार यांत वावरणाऱ्या सुरतकरास याहून सोयीची जोडी कोणती?

अर्थात मुक्त साधने निर्दोष आहेत असे आम्ही म्हणत नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांऐवजी हिंदी वळणाची अक्षरे पुष्कळदा उमटतात. परंतु फाँटात मराठी वळणाची तजवीज असूनही, पान मराठीत आहे ही एका शब्दाची नोंद पानाच्या मुळाशी करण्याचा आळस आमच्याच लोकांनी केला, तर तो दोष कोणाच्या माथी मारावयाचा? कोंकणीची पाने रचणारांसही हाच प्रश्न आहे.

दोष आढळला तर तो कर्त्यांस कळवावा, जमल्यास दुरुस्त करून परत द्यावा. मुक्ततेचे मोल हेच, आणि ते पैशांत चुकविता येत नाही. भाषेच्या नावाने सभा भरविणाऱ्यांनी आधी आपल्या कपाटातील एक जुनी स्मरणिका युनिकोडमध्ये आणावी. भाषाभिमानाच्या गोष्टी मग बोलाव्या.