तंबूच्या सीनला आम्ही हसलो

मराठी विभागासाठी लिही असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी घाबरलोच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, घरी मराठी पण लिहायचा प्रसंग फक्त आजीला पत्र पाठवण्यापुरता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आधीच पदरात घ्या. विषय मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हता, आणि तो इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिला असता तर आमच्या विंगमधल्या ज्या मंडळींनी तो वाचावा असं मला वाटतं, त्यांनी तो वाचलाच नसता.

झालं असं, की गेल्या सेमिस्टरला सबमिशन संपलं त्या रात्री आम्ही अकरा जण एका लॅपटॉपसमोर बसलो. कुणाच्या तरी हार्ड डिस्कमध्ये 'ब्रोकबॅक माउंटन' होता. 'जोकरवाला हीथ लेजर आहे यात, ऑस्करवाला पिक्चर आहे' एवढ्या माहितीवर तो लागला. घोडे, डोंगर, मेंढ्या... वीसेक मिनिटं सगळे गप्प होते. मग तंबूतला तो सीन आला, आणि विचारू नका! शिट्ट्या, आरडाओरडा, 'रिवाइंड कर रे' पासून 'बंद कर रे' पर्यंत सगळं. पाच मिनिटांत चार जण मॅगी करायला निघून गेले. मीही हसलो. थोडा जास्तच हसलो, कारण शेजारचा माझ्याकडे बघत होता.

पिक्चर 134 मिनिटांचा आहे. तंबूतला सीन पहिल्या अर्ध्या तासात संपतो. म्हणजे ज्यांनी तो 'बघितला' असं आमच्या होस्टेलवर मानलं जातं, त्यातल्या निम्म्यांनी तो बघितलेलाच नाही. आणि एक तांत्रिक दुरुस्ती: ज्याला सगळे 'गे काउबॉयचा पिक्चर' म्हणतात, त्यात ते दोघे डोंगरावर गाई राखत नाहीत, मेंढ्या राखतात. आपल्याकडे त्यांना कुणी काउबॉय म्हटलं नसतं, मेंढपाळ म्हटलं असतं.

मी नंतर मूळ कथा शोधून वाचली. ॲनी प्रू या लेखिकेची ही कथा 1997 साली 'न्यूयॉर्कर'मध्ये आली. वायोमिंगमधल्या एका बारमध्ये तिला एक वयस्कर, गरीब रँचवरचा गडी दिसला होता. बार बायकांनी भरलेला, आणि याची नजर मात्र पूल खेळणाऱ्या तरुण पोरांवर. एवढ्यावरून तिने कथा उभी केली. 1963 ते 1983 अशी वीस वर्षं, दोन माणसं, वर्षातून एखाद-दोनदा 'मासेमारी'ला जाणं आणि बाकीचं आयुष्य भलत्याच ठिकाणी घालवणं. आंग ली यांनी 2005 मध्ये पिक्चर केला, त्याला व्हेनिसला गोल्डन लायन मिळालं. ऑस्करची आठ नामांकनं, त्यातली तीन मिळाली (दिग्दर्शन, पटकथा, संगीत), पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं 'क्रॅश'ने नेलं.

तेव्हाच्या प्रेक्षकांनी काय काय केलं हे वाचलं की आमचं होस्टेल अगदीच वेगळं नाही असं वाटतं. अमेरिकेत युटा राज्यातल्या एका मल्टिप्लेक्सने जानेवारी 2006 मध्ये ऐन वेळी हा पिक्चर काढून टाकला. टोनी कर्टिस या जुन्या नटाने, जो स्वतः ऑस्करला मत देणारा, आपण तो बघितलेला नाही आणि बघणारही नाही असं उघड सांगितलं. गंमत म्हणजे हेच महाशय 'सम लाइक इट हॉट'मध्ये (1959) जवळजवळ अख्खा पिक्चरभर बाईच्या कपड्यांत फिरले होते. पुरुषाने साडी नेसून हसवलं तर आपल्यालाही चालतं, नाही का? गॅदरिंगला दरवर्षी चालतं. तोच पुरुष गंभीर झाला की आपल्याला अचानक मॅगीची भूक लागते.

दुसऱ्या बाजूचे प्रेक्षकही होते. ऑस्कर हुकल्यावर चाहत्यांनी वर्गणी काढून 'डेली व्हरायटी'मध्ये पिक्चरचे आभार मानणारी पानभर जाहिरात दिली. शेवटच्या सीनमधले ते दोन शर्ट 2006 मध्येच लिलावात एक लाख डॉलरच्या वर गेले. आणि कित्येकांनी लेखिकेला स्वतः लिहून नवे शेवट पाठवले. त्यात जॅक जिवंत राहतो, किंवा एनिसला दुसरा कुणी चांगला माणूस भेटतो. प्रूबाई याला इतक्या वैतागल्या, की ही कथा लिहिलीच नसती तर बरं झालं असतं, असं त्यांनी 2009 च्या एका मुलाखतीत सांगून टाकलं. त्यांचं म्हणणं, कथा या दोघांबद्दल नाहीच; ती त्या प्रदेशाबद्दल आणि तिथल्या द्वेषाबद्दल आहे.

मला प्रूबाईंचं पटतं, पण अर्धंच. शेवट बदलणाऱ्यांची मला कीव येत नाही. रडू आवरत नसेल तर माणूस काहीतरी करणारच. मला खरा राग येतो तो तिसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकाचा. 'ही गे स्टोरी नाहीच रे, ही फक्त लव्हस्टोरी आहे, प्रेम सगळीकडे सारखंच' असं म्हणणारा. आमच्या वर्गात असे पुष्कळ आहेत, चांगली मुलं आहेत, आणि त्यांना वाटतं आपण मोठ्या मनाचे आहोत. पण सारखं कसं? एनिस साधारण नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप त्याला आणि भावाला मुद्दाम एक प्रेत दाखवायला नेतो. दोन पुरुष एकत्र रँच चालवून राहत होते, त्यातल्या एकाला लोकांनी हाल करून मारलेलं असतं. पुढे जॅक 'आपण एकत्र राहू' म्हणतो तेव्हा एनिसच्या डोळ्यासमोर तो ओढा आणि ते प्रेत असतं. कुठल्या हिंदी पिक्चरमधल्या हिरोला बापाने असं काही दाखवलंय? तिथे बाप फार तर 'ये शादी नहीं हो सकती' म्हणतो. जॅक कसा मेला हेही पिक्चर नक्की सांगत नाही. बायको फोनवर सांगते टायर फुटला, आणि एनिसला दिसतात मारणारी माणसं. खरं कुठलं, यावर लोक आजही वाद घालतात. मला वाटतं वाद घालण्यात अर्थ नाही. त्याला ते दिसलं, यातच त्याचं आयुष्य आलं. कथा छापून आल्यावर एका वर्षाने, ऑक्टोबर 1998 मध्ये, त्याच वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड या एकवीस वर्षांच्या मुलाला मारहाण करून कुंपणाला बांधून ठेवलं होतं, आणि तो त्यात गेला. हे 'सगळीकडे सारखं' नसतं.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने पिक्चर बघून वेगळंच विचारलं, 'आणि अल्माचं काय?' अल्मा म्हणजे एनिसची बायको, जी दारात उभं राहून सगळं बघते आणि वर्षानुवर्षं काही बोलत नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. एनिसच्या भीतीची किंमत तिनेही भरली, हे खरंच आहे. आपल्याकडे 377 कलमातून हे सगळं 6 सप्टेंबर 2018 ला बाहेर आलं, पण घरात 'आता स्थळं बघायला घेऊया' हे कलम शाबूत आहे. मुलगा बोलू शकत नाही आणि मुलीला कुणी विचारत नाही.

मराठीतही हे आहे, म्हणजे अमेरिकेचं खूळ म्हणून सोडून देऊ नका. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' कादंबरी 2006 ची. भाऊ आणि बहीण दोघं घरातल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. 2022 मध्ये पिक्चर आला तो मात्र कोचीत घडतो. मी आईला कादंबरी वाचायला दिली. तिने वाचली, परत दिली आणि 'भाषा छान आहे' म्हणाली. बस्स.

आता मूळ मुद्दा, जो मी इतका वेळ टाळतोय. त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी आमच्या विंगमधल्या एका खोलीच्या दारावर खडूने 'ब्रोकबॅक' लिहिलेलं होतं. त्या खोलीतले दोघं फर्स्ट इयरपासून एकत्र. एकत्र मेसला, एकत्र लायब्ररीत, एकच ड्राफ्टर दोघांत. ते 'तसे' आहेत का? मला माहीत नाही, आणि विचारायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. लिहिणाऱ्यांना इंग्रजीत लिहायचं होतं आणि स्पेलिंग येत नव्हतं. कॉन्व्हेंटवाला म्हणून त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. एक शब्द की दोन, हेसुद्धा नीट सांगितलं.

पंधरा दिवसांत त्यातल्या एकाने रेक्टरांकडे रूम बदलून मागितली. कारण लिहिलं होतं, 'अभ्यासात व्यत्यय'. आता मेसमध्ये एक दाराजवळ बसतो, दुसरा पार खिडकीपाशी. दारावरचा खडू मी एका रात्री ओल्या फडक्याने पुसला. ड्राफ्टर कुणाकडे गेला ते माहीत नाही.