भिंतीपुढचा पडदा

जेरुसलेमचा विषय निघाला की आपल्याकडचे लेखक थेट तीन हजार वर्षे मागे जातात आणि ‘धर्मवेड’ या एका शब्दावर लेख मिटवतात. मला हा आळस वाटतो. ते भांडण समजून घ्यायला एक साधा पडदा पुरेसा आहे.

सप्टेंबर १९२८. योम किप्पूरला पश्चिम भिंतीपुढच्या अरुंद गल्लीत स्त्री-पुरुष उपासकांना वेगळे करणारा पडदा उभारला गेला. ब्रिटिश पोलिसांनी भर उपासनेत तो ओढून काढला. ज्यूंना हा धर्मावरचा घाला वाटला. मुसलमानांना मात्र पडद्याआडची वहिवाट दिसत होती : भिंत आणि पुढची फरसबंदी वक्फची, आज पडदा, उद्या बाके, परवा सिनेगॉग. ज्याच्या बांधावरून शेजाऱ्याने गाडीवाट पाडली आहे, त्याला ही भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये देशभर दंगली पेटल्या. १३३ ज्यू मारले गेले आणि ११६ अरब. अरबांपैकी बहुतेक सरकारी गोळ्यांनी.

मग आंतरराष्ट्रीय आयोग बसला. मालकी वक्फची, प्रार्थनेचा हक्क ज्यूंचा, पडदे-बाके वर्ज्य. निवाडा काटेकोर होता (शिंग फुंकण्यालाही मनाई होती!), पण भीती निवाड्याने जात नाही. दुर्दैव असे की दोघांचीही भीती खरी ठरली. १९४८ ते १९६७ या काळात, युद्धबंदी करारात लिहिलेले असूनही, जॉर्डनने ज्यूंना भिंतीपाशी फिरकू दिले नाही. जून १९६७ मध्ये शहर हाती येताच इस्रायलने भिंतीलगतचा मगरीबी मोहल्ला जमीनदोस्त केला. शंभराहून अधिक घरांच्या जागी आज ते प्रशस्त पटांगण आहे.

त्याच वेळी मोशे दायान यांनी वरच्या हरम-अल्-शरीफची, म्हणजे ज्यूंच्या मंदिर-टेकडीची, व्यवस्था वक्फकडेच ठेवली. इतरांनी यावे, पाहावे. प्रार्थना करू नये. प्रार्थनेवरची बंदी तत्त्वतः कुरूप आहे, हे मला मान्य आहे. पण पोलीस, न्यायालये आणि नांगर एकाच पक्षाच्या हाती असताना त्याच पक्षाचा मंत्री तेथे प्रार्थनेची मुभा जाहीर करतो, तेव्हा तो उपासनेचा प्रश्न राहत नाही. बेन-ग्वीर यांनी २०२४ मध्ये नेमके हेच केले. ‘जैसे थे’मध्ये बदल नाही, असा खुलासा पंतप्रधानांच्या कार्यालयाने लगोलग केला. मगरीबी मोहल्ल्यातून उठवलेल्यांच्या नातवंडांनी त्यावर विश्वास का ठेवावा, हे मात्र त्या खुलाशात नव्हते.