खोका दुकानातच उघडा!

जळगावच्या सराफ बाजारात पाटल्या घ्यायच्या म्हटलं, की आपण कशा वागतो? हॉलमार्क पाहतो, वजन डोळ्यांसमोर करून घेतो, घडणावळ वेगळी विचारतो, आणि पक्की पावती हातात आल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. मग कॅमेरा घेताना ही शिस्त कुठे जाते? मुलगा म्हणतो, लग्नसराईत फोटो काढायचा धंदा करतो. आपण भिशीचे पैसे काढून देतो. मुंबईत फोर्टला स्वस्त मिळतो म्हणून कुणी जळगावहून रात्रीची गाडी धरते, कुणी धुळ्याहून एस.टी.; आणि दुकानदार सांगेल ते खरं धरून चालतो. मैत्रिणींनो, पाटली अडीअडचणीला मोडता तरी येते. कॅमेऱ्याचं तसं नाही. म्हणून फसवणुकीचे हे नेहमीचे प्रकार ध्यानात ठेवा.

पहिला, अर्धीच किंमत सांगण्याचा. पाटीवरचा भाव नुसत्या 'बॉडी'चा असतो, लेन्सचे पैसे निराळे. कधी कंपनीने खोक्यात दिलेली बॅटरी, चार्जर, पट्टा काढून ठेवतात आणि त्याचेच पैसे पुन्हा मागतात. आतल्या वस्तूंची यादी खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत असते. ती वाचून एकेक जिन्नस मोजून घ्या.

दुसरा, 'इम्पोर्टेड' मालाचा. कंपनीच्या भारतातल्या शाखेला वगळून आणलेल्या मालाला इथली वॉरंटी बहुधा मिळत नाही. 'आमच्या दुकानाची वॉरंटी' त्या दुकानापुरतीच. परदेशी मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली हवीच. नसेल तर सरळ उठा. त्या किमतीवर वेगळा जीएसटी मागणंही बेकायदा आहे.

तिसरा, वापरलेला कॅमेरा नवा म्हणून देण्याचा. खोक्यावरचा, वॉरंटी कार्डावरचा आणि कॅमेऱ्यावरचा सिरियल नंबर एकच आहे ना, ते पाहा. तोच नंबर पावतीवर लिहून घ्या.

चौथा, मोठमोठ्या आकड्यांचा. 'डिजिटल झूम' म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं. भिंगाचा, म्हणजे ऑप्टिकल झूम किती, ते विचारा.

आणि "ताई, बिलाशिवाय घ्या, कमी करून देतो" ही सवलत सर्वांत महाग. पावती नाही तर पुढे दाद मागायची कशाच्या जोरावर?

इतकं करूनही फसगत झालीच तर नशिबाला बोल लावत बसू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आहे. पावती न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणं हीसुद्धा. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी ओळ छापली म्हणून दुकानदार सुटत नाही.

मुख्य म्हणजे, मुंबईत घेतलेल्या कॅमेऱ्याची तक्रार आता आपण राहतो तिथल्या, जळगावच्या किंवा धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुलगा स्वतःचं पोट भरण्यासाठी स्वतः कॅमेरा चालवत असेल, तर 'हा तर धंदा झाला' असं म्हणून त्याला टाळता येत नाही. कायद्याने तो ग्राहकच आहे. आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

एक शेवटची सूचना. हल्लीच्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते. नव्या कॅमेऱ्याने पहिला फोटो पावतीचाच काढून ठेवा, देवघराचा दुसरा!