नाव महाराजांचे, दायित्व आपले

महाराष्ट्रातील दोन रेल्वे स्थानके दोन छत्रपतींची नावे धारण करून उभी आहेत. एक मुंबईचे, दुसरे कोल्हापूरचे. पहिल्याचे वैभव जगन्मान्य आहे. १८७८ मध्ये काम सुरू होऊन दहा वर्षांत उभी राहिलेली ती वास्तू २००४ साली जागतिक वारसा सूचीत गेली. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्सचा खरा. परंतु सहायक अभियंता होते सीताराम खंडेराव, आणि तिथल्या दगडावरील पाने, फुले, पक्षी घडविण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा. साम्राज्याच्या दिमाखासाठी उभारलेल्या त्या वास्तूत हात आणि घाम आपलाच होता.

कोल्हापूरचे स्थानक त्या मानाने साधे. ना उत्तुंग घुमट, ना रंगीत काचा. मग त्याचे मोठेपण कशात? ते त्याच्या जन्मकथेत आहे. इंग्रजांनी आपल्याला रेल्वे ‘दिली’, असे आजही मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की, आरंभीच्या विलायती कंपन्यांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती आणि तूट भरून निघत होती ती भारतीय करदात्याच्या खिशातून. मिरज-कोल्हापूर मार्गाची कथा निराळी आहे. हा मार्ग कोल्हापूर संस्थानाच्या मालकीचा होता. गाड्या चालविण्याचे काम तेवढे सदर्न मराठा रेल्वेकडे होते. १८८८ साली मार्गाची पायाभरणी झाली, ती चौदा वर्षेही पूर्ण न झालेल्या शाहू महाराजांच्या हस्ते. १८९१ मध्ये पहिली गाडी करवीरनगरीत आली. कारभार तेव्हा ब्रिटिशांच्या देखरेखीखाली होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण १८९४ मध्ये राज्यसूत्रे हाती येताच महाराजांनी या रुळांचे काय केले, ते पाहावे. पुढच्याच वर्षी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसली आणि गुळाचा व्यापार बहरला. १९०६ मध्ये कापड गिरणीची स्थापना झाली. रेल्वे हे त्यांच्या दृष्टीने मिरविण्याचे भूषण नव्हते, तर रयतेच्या उत्कर्षाचे साधन होते.

आज प्रश्न आहे तो आपल्या कर्तृत्वाचा. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली, विद्युतीकरण झाले, २०२४ मध्ये पुण्यासाठी वंदे भारतही सुरू झाली. अमृत भारत योजनेतून स्थानकाचा कायापालटही हाती घेण्यात आला आहे. याचे स्वागतच आहे. मात्र कायापालट म्हणजे काचेचे तावदान आणि चकचकीत फरशी, अशी समजूत झाली तर जुनी दगडी वास्तू नव्या दर्शनी भागाआड लुप्त व्हायला वेळ लागणार नाही. नवे उभारताना जुन्याला मान देणे ही आपली रीत आहे. मंदिराचा जीर्णोद्धार करताना आपण गाभारा हलवत नाही.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कोल्हापूरला रूळ येऊन थांबतात. सह्याद्रीपलीकडे कोकण रेल्वे १९९८ पासून धावते आहे. पण वैभववाडीशी कोल्हापूर जोडण्याचा मार्ग घोषणांतच अडकला आहे. घाटाखालचे बंदर आणि घाटावरचा गूळ, साखर, कापड यांची गाठ अजून पडायची आहे. घाट अवघड आहे, खर्च मोठा आहे, हे मान्य. पण एका संस्थानाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जे साहस केले, त्याच्या पुढचे पाऊल स्वतंत्र देशाला जड का वाटावे?

फलकावर महाराजांचे नाव लिहिणे सोपे असते. त्या नावाला साजेसे वागणे कठीण. कोल्हापूरकरांनी आणि कार्यकर्त्यांनी दोन कामे अंगावर घ्यावीत. स्थानकाच्या जुन्या वास्तूचे जतन आराखड्यात स्पष्ट लिहून घ्यावे आणि वैभववाडी मार्गाचा हिशेब पक्षभेद विसरून प्रत्येक लोकप्रतिनिधीला विचारावा. शाहू महाराजांना तोच खरा मुजरा ठरेल.