नागनिकेची भिंत वाचवायलाच हवी

सातवाहनांचे चेहरे आपण गमावून बसलो आहोत. नाणेघाटातल्या गुहेच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या आठ जणांच्या माणसाएवढ्या मूर्ती कोरलेल्या होत्या. त्या जवळजवळ पूर्ण नाहीशा झाल्या. वर, जिथे त्यांची डोकी असायची तिथे, ब्राह्मी अक्षरांत काही नावे तेवढी उरली : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि, कुमार भाय, महारठि त्रनकयिरो, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. मूर्ती वाचवायला आपल्याला फार उशीर झाला. डाव्या आणि उजव्या भिंतीवरचा मोठा लेख मात्र अजून आहे. तो झिजतो आहे, काही ओळींत मोठाली भगदाडे पडली आहेत, तरी आहे. त्याच्यासाठी आपण सगळ्यांनी आता कंबर कसावी, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

जागा समजून घेतली की लेखाचे वजन कळते. कल्याण आणि सोपारा ही कोकणची जुनी बंदरे. तिथून निघालेला माल सह्याद्री चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा तो या घाटाने. खाली मुरबाड तालुक्यातले वैशाखरे, वर जुन्नर तालुक्यातले घाटघर, आणि मधे कातळ फोडून काढलेली अरुंद वाट. ही वाट वर पोचते तिथे, जीवधनच्या शेजारी, ही गुहा आहे. जवळच एक भलामोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे पंचक्रोशीतले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. बैलांच्या पाठीवर गोणी लादून, घामाघूम होऊन वर आलेला व्यापारी पहिला श्वास घेतो, आणि समोर कातळात अख्खे राजघराणे उभे. हा रस्ता कोणाचा, हे त्याला वेगळे सांगायची गरजच पडत नसे.

कर्नल विल्यम साइक्सने १८२८ साली या लेखाची नोंद केली. जेम्स प्रिन्सेपने तो वाचायचा प्रयत्न केला, पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यावर मेहनत घेतली, आणि १८८३ साली गेऑर्ग ब्यूलरने तो सविस्तर प्रसिद्ध केला. काळाबद्दल विद्वानांत एकमत नाही. इसवी सनापूर्वीचे दुसरे किंवा पहिले शतक, एवढे धरून चालता येते. लेख राणी नागनिकेचा, म्हणजे मागच्या भिंतीवरच्या नावांतल्या देवी नायनिकेचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ती सातकर्णीची पत्नी आणि एका महारठीची लेक. पती गेल्यावर मुले लहान असताना राज्याची घडी तिने सांभाळली असावी. लेखात ती व्रतस्थ, महिना महिना उपास करणारी, यज्ञकर्मात मुरलेली अशी दिसते.

सुरुवातीला देवांना वंदन आहे : धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल. संकर्षण आणि वासुदेव म्हणजे आपले बलराम आणि कृष्ण. त्यांच्या पूजेच्या अगदी जुन्या कोरीव उल्लेखांपैकी हा एक, आणि तो आपल्या डोंगरात आहे. पुढे यज्ञांची यादी लागते : अग्न्याधेय, राजसूय, दोन अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम आणि आणखी कितीतरी. प्रत्येकाबरोबर दक्षिणेचा चोख हिशेब. एका ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती. चांदीच्या १७ घागरी. एका यज्ञात २४,४०० कार्षापण नाणी दक्षिणा, आणि यज्ञ बघायला आलेल्यांना आणि सेवेकऱ्यांना वाटलेले ६००१ कार्षापण वेगळे. हा शेवटचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. बघ्यांना काय दिले, हेसुद्धा राणीने दगडात कोरून घेतले. यज्ञ देवासाठी होता तितकाच बघणाऱ्यांसाठी होता, हे या ओळीइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

आणि हे आकडे शब्दांत नाहीत, अंकचिन्हांत आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या पुराव्यांत नाणेघाटाचे नाव घेतल्याशिवाय गणिताचा कुठलाही इतिहास पुढे सरकत नाही. यात शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. शंभरासाठी, हजारासाठी स्वतंत्र खूण आहे. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडायची. सकाळी तिरपे ऊन आत येते तेव्हा भिंतीजवळ, पण हात न लावता, उभे राहून बघा. हजाराच्या उभ्या रेघेला चिकटलेली ती छोटी खूण सावलीमुळे उठून दिसते. छिन्नी कुठून सुरू झाली आणि कुठे थांबली, तेसुद्धा ओळखू येते. ऊन सरळ झाले की तीच जागा पुन्हा सपाट कातळ वाटते. अक्षरांची खोली आता इतकी कमी उरली आहे.

सत्ता, धर्म आणि कला यांची गाठ प्राचीन काळी कशी बांधली जाई, हे शिकवायला आपण मुलांना इजिप्तचे पिरॅमिड दाखवतो, रोमच्या कमानी दाखवतो. दाखवावेतच. पण ती गाठ पुणे जिल्ह्यात, जुन्नरपासून तासाभराच्या अंतरावर, एका खोलीत बघायला मिळते. जकातीच्या वाटेवर राजाची प्रतिमा, प्रतिमेशेजारी यज्ञांची यादी, यादीच्या माथ्यावर देवांची नावे. पैसा वाटेवरून येतो, त्या पैशातून यज्ञ होतात, यज्ञातून राजाला मान मिळतो, आणि तो मान पुन्हा त्याच वाटेवर, जकात भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोरला जातो. एका विधवा राणीने मुलांच्या हक्कासाठी उभी केलेली ही मांडणी आहे. इतक्या विचारपूर्वक केलेले राजकीय काम त्या काळातून दुसरे कुठले आपल्या हाती आले आहे?

पुढे दोनेक शतकांनी नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात गौतमी बलश्रीने हेच वेगळ्या रीतीने केले. नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी तिने बौद्ध भिक्खूंना लेणे दान दिले आणि त्याच्या भिंतीवर आपल्या दिवंगत मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव कोरला : ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, ज्याने शक, यवन, पहलवांना धूळ चारली, क्षहरातांचा वंश बुडवला, तो अद्वितीय ब्राह्मण. हा गौरव बौद्ध विहारात कोरलेला आहे! ब्राह्मण राजा, बौद्ध दान आणि आईचा शब्द, तिन्ही एका भिंतीवर बिनतक्रार नांदतात. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षहरात राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांवरचा साठा सापडला, त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. आईचे शब्द पोकळ नव्हते, हे नाण्यांनी सांगितले. नाशिकचा हा लेख तुलनेने सुस्थितीत आहे. नाणेघाटाचे नशीब तसे नाही.

कर्नाटकात सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला १९९०च्या दशकात उत्खनन झाले. तिथल्या स्तूपाच्या शिल्पपट्टांवर नावांसह कोरलेले सातवाहन राजे मिळाले, अशोकही नावासकट मिळाला. ते मातीखाली गाडलेले होते, म्हणून वाचले. नाणेघाटातले उघड्यावर होते, म्हणून गेले. त्या शिल्पपट्टांचे फोटो बघताना माझ्या मनात प्रत्येक वेळी नाणेघाटाची ती रिकामी भिंत येते. नागनिकेचा चेहरा कसा असेल, हे आपल्याला आता कधीच कळणार नाही.

आज लेखाला धोका कशाकशाचा आहे? पहिला पाण्याचा. बेसॉल्ट कठीण खरा, पण सह्याद्रीचा पाऊस चार महिने झिरपतो. पाण्याबरोबर क्षार येतात, सुकताना ते दगडाच्या पृष्ठभागाखाली फुलतात आणि पापुद्रा सुटतो. पापुद्र्याबरोबर अक्षर जाते. यावर इलाज आहे : गुहेच्या माथ्यावरचे पाणी वळवणे, भेगांची तज्ज्ञांकडून डागडुजी करणे. हे पुरातत्त्व खात्याचे काम आहे आणि ते त्यांच्याकडून करून घेणे हे आपले काम आहे.

दुसरा धोका आपला आहे, आणि तो जास्त लाजिरवाणा आहे. नाणेघाटाची गुहा कित्येक वर्षे ट्रेकर्सच्या मुक्कामाची जागा म्हणून सांगितली गेली. गुहेत रात्र काढायची, तिथेच चूल मांडायची, भिंतीला पाठ टेकून गाणी म्हणायची. धुराची काजळी दगडाच्या छिद्रांत बसते, ती धुऊन निघत नाही. पाठी, सॅका आणि बोटे अक्षरांच्या कडा झिजवतात. नावे कोरणारे तर आहेतच. ब्राह्मी अक्षरापासून वीतभर अंतरावर कुणीतरी टोकदार वस्तूने काढलेला बदाम आणि त्यात दोन आद्याक्षरे मी पाहिली आहेत. आणखी एक प्रकार चांगल्या हेतूने होतो, म्हणून त्याबद्दल बोलायलाच हवे. फोटोत अक्षरे नीट यावीत म्हणून लोक त्यांत खडू भरतात, पीठ चोळतात, पाणी शिंपडतात. मित्रहो, कृपा करून हे थांबवा. खडू भरताना आपण आपल्याला दिसते तसे अक्षर भरतो, मूळ रेघ नव्हे. पुढच्या अभ्यासकाला मग आपला खडू वाचावा लागतो. आणि चोळल्याने कातळाचा कण न्‌ कण निघतो. टॉर्च बाजूने तिरपा धरा, अक्षर आपोआप उठते. त्याहून जास्त काही लागत नाही.

पावसाळ्यात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघायला आता इथे जत्रा लोटते. लोकांनी यावे, जरूर यावे. घाटघरच्या माणसाला त्यातून चार पैसे मिळतात, त्याला कोण नाही म्हणेल? पण भिजलेली, गर्दीतली माणसे आडोसा म्हणून गुहेत शिरतात, आणि त्यांना आपण कशाला टेकलो आहोत याचा पत्ताही नसतो. ज्याला माहीत नाही त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. त्याला सांगणारे कुणी तिथे उभे हवे.

रंगनाथ पठारे समितीने मराठीच्या अभिजात दर्जाची बाजू मांडताना नाणेघाटाच्या लेखाचा आधार घेतला होता. ऑक्टोबर २०२४मध्ये दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. ज्या दगडाने आपली बाजू मांडली, त्याची राखण करायची जबाबदारी त्या दिवशी आपल्यावर आली असे मी मानतो. जुन्नर २०१८पासून पर्यटन तालुका आहे. २०२५मध्ये शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला, आणि त्या शिवनेरीच्या कड्यांतही बौद्ध लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी धरून जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या लेखांत यवन दात्यांची नावे आहेत, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवलेल्या ठेवी आहेत, करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी दिलेल्या जमिनी आहेत. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला लाखो भाविक जातात. त्यांतल्या प्रत्येकाने शेजारच्या चैत्यगृहात पाच मिनिटे जाऊन यावे, एवढी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

आता कामाचे. ट्रेक नेणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या माहितीपत्रकातून आणि इन्स्टाग्रामवरून गुहेतल्या मुक्कामाचा उल्लेख आजच काढून टाकावा आणि मुक्काम घाटघरमध्ये गावकऱ्यांच्या घरी ठेवावा. गाव जेवू घालते, अंथरूण देते, आणि पैसा गावात राहतो. इतिहासाच्या प्राध्यापकांनी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मिळून, रीतसर परवानगी घेऊन, तिन्ही भिंतींचे त्रिमितीय स्कॅनिंग करावे आणि ते सगळ्यांना विनामूल्य खुले ठेवावे. उद्या पापुद्रा निघालाच तर निदान अक्षराचा आकार हातात राहील. त्या स्कॅनवरून लेखाची पूर्ण आकाराची प्रतिकृती जुन्नर शहरात उभी राहू शकते. मुलांना बोट फिरवून ब्राह्मी गिरवायची ती तिथे, नाणेघाटात नाही. गुहेबाहेर लेखाचा मराठी अर्थ सांगणारा ठळक फलक हवा आणि शनिवार-रविवारी व पावसाळाभर गावातलाच पगारी रखवालदार हवा. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८च्या केंद्रीय कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हेही त्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावे.

घाटघरच्या आणि आसपासच्या गावांतल्या मंडळींनो, १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गुहेत मुक्काम आणि चूल बंद, रखवालदाराची मागणी आणि माथ्यावरचे पाणी वळवण्याचे काम, असे तीन ठराव करा. प्रती पुरातत्त्व खात्याला, तहसीलदारांना आणि जिल्हा नियोजन समितीला पाठवा, पोच घ्या. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी त्याच आठवड्यात आपापल्या नावाने तीच मागणी करणारे पत्र टाकावे. पाऊस जूनमध्ये येतो. एप्रिल-मेमध्ये काम सुरू झाले नाही, तर आणखी चार महिने ते पाणी त्याच अक्षरांवरून वाहणार आहे.